ठेक्याचा राजा

टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले जोडपे उभे राहते. दातांत गुलाब धरलेले, झटक्यात मान वळवणारे. ब्यूनस आयर्सच्या नाचघरात असले काही नसते. साधी माणसे येतात, टेबलांभोवती बसतात आणि कोणत्या वाद्यवृंदाची रेकॉर्ड लागते इकडे कान देऊन असतात. एकेका वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग लागतात. ती मनासारखी असली की दुरूनच नजरानजर होते, मान हलते, जोडी उठते. नसली तर खुशाल बसून राहायचे. कुणाला कार्लोस दि सार्लीची संथ चाल प्रिय, तर कुणी रात्र चढल्यावर पुग्लिएसे लागेल म्हणून थांबलेला. पण हुआन दारिएन्सो लागला की बसून राहणे अवघड!

हा दारिएन्सो १४ डिसेंबर १९०० रोजी ब्यूनस आयर्समध्येच जन्मला. व्हायोलिन शिकला, तरुणपणी नाटकांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. थोडे दिवस जाझचीही चाकरी केली. वयाच्या पस्तिशीपर्यंत तो अनेकांतला एक होता.

तेव्हा टँगोचे दिवस बरे नव्हते. मंदी आली होती. बोलपटांनी मूकपटांच्या थिएटरातल्या वादकांची पोटे मारली होती. शिवाय टँगो आता ऐकायचा झाला होता. कार्लोस गार्देल गायचा तेव्हा लोक जीव कानांत आणून ऐकत, नाचत मात्र नसत. १९३५ च्या जूनमध्ये मेडेलिनला विमान अपघातात गार्देल गेला आणि अवघा देश रडला.

त्याच वर्षी दारिएन्सो शांतेक्लेर या कॅबरेत बस्तान बसवत होता. डिसेंबरात रोदोल्फो बियाजी त्याच्या पियानोवर येऊन बसला आणि वाद्यवृंदाचा नूर पालटला. लय वाढली, ठोके सुटे आणि धारदार झाले. सुरावट जिथे श्वास घेई, ती फट बियाजीची बोटे दोन-चार टपोऱ्या स्वरांनी भरून काढत. पाऊल कुठे टाकायचे हे नवशिक्यालाही समजू लागले. तरुण पोरे पुन्हा नाचघरांकडे वळली. लोक त्याला ठेक्याचा राजा म्हणू लागले.

जाणकारांनी नाके मुरडली. ज्यांनी टँगोला नाजूक, गुंतागुंतीचा करत आणले होते, त्यांना हे मागे जाणे वाटले. त्यांचे सगळेच खोटे होते असे नाही. दारिएन्सोच्या दहा रेकॉर्डी ओळीने ऐकल्या तर कान थकतात. पण त्या तशा ऐकण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. गायकांनी टँगो बळकावला आणि नाचणाऱ्याला विसरले, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या लेखी गायकाचा गळा हे आणखी एक वाद्य, त्याहून जास्त नाही.

स्वभावाने गडी मानी. एकदा श्रोत्यांनी बियाजीसाठी टाळ्यांचा कडकडाट केला, बियाजीने उठून त्या स्वीकारल्या आणि तिथेच त्याचे पान कापले गेले, असे सांगतात. खरे-खोटे काही असो, १९३८ मध्ये बियाजी बाहेर पडून स्वतःचा वाद्यवृंद चालवू लागला. १९४० मध्ये तर बहुतेक वादक एकदमच सोडून गेले. दुसरा असता तर खचला असता. याने नवी माणसे जमवली, फुल्वियो सालामांकाला पियानोवर बसवले आणि ठेका हलू दिला नाही.

पुढे रॉक अँड रोल आला, नाचघरे ओस पडली, पियाझोलाने टँगो पुन्हा खुर्चीत बसून ऐकणाऱ्यांकडे नेला. दारिएन्सो आपला वादकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे हातवारे करत राहिला. जपानमध्ये त्याचे चाहते उदंड. वाद्यवृंद तिकडे जाऊन आला, पण विमानात न बसणारा दारिएन्सो घरीच राहिला. १४ जानेवारी १९७६ रोजी तो गेला.

नाचघरात रात्रीची अखेर ‘ला कुम्पार्सिता’ने करायची रीत आहे. ही धून त्याने अनेकदा ध्वनिमुद्रित केली. यातली एखादी लागली की बूट बदलायला वाकलेली माणसेही पुन्हा नाड्या बांधतात.