प्रो. कावसजी दादाभाई नायगामवाला

महाराष्ट्रात राहून ज्यांनी ताऱ्यांमधील वायूचा वेध घेतला, त्या प्रो. नायगामवाला यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी मनन करण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८५७ साली पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले व मुंबई सरकारने तितकीच भर घातली. पुढे नायगामवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८८ साली तेथे वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची दुर्बीण अनेक वर्षे हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

मृग नक्षत्रात एक अंधुक तेजोमेघ आहे. त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून ती रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची होय, असे विख्यात इंग्रज ज्योतिर्विद लॉक्यर यांचे मत होते. तसे असते, तर रेषेची एक कड धूसर दिसावयास हवी होती. नायगामवालांनी ती पुनःपुन्हा पाहिली; प्रत्येक वेळी ती रेखीवच आढळली. समोर एवढा मोठा विद्वान असूनही, जे दिसले तेच त्यांनी १८९१ साली निर्भयपणे प्रसिद्ध केले. ती रेषा अतिविरळ प्राणवायूची आहे, हे १९२७ साली बोवेन यांनी सिद्ध केले.

१८९८ सालचे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून अभ्यासिले. १९१२ साली ते निवृत्त होताच वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ साली ते निवर्तले.

आकाशातील वायूचा अभ्यास मात्र थांबला नाही. ओझरहून नाशिकमार्गे पुण्यास जाताना नारायणगाव लागते. तेथून जवळच खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा समूह आहे. काही दीर्घिकांच्या गाभ्यातून निघणारे, लक्षावधी प्रकाशवर्षे लांबीचे झोत त्यांतून पाहता येतात. दीर्घिका सभोवतालच्या विरळ, तप्त वायूतून वेगाने जाऊ लागली की, धावत्या आगगाडीचा धूर मागे वळावा तसे हे झोत वाकतात. वायू डोळ्यांस दिसत नाही. पण वाकलेला झोत त्याची साक्ष देतो.

बालमित्रहो, साधने बदलली, तरी नायगामवालांचा धडा तोच आहे: मत कोणाचेही असो, प्रत्यक्ष पाहून खात्री करावी आणि जे आढळेल ते प्रामाणिकपणे सांगावे.