कर्मवीर भाऊराव पाटील व त्यांची मुले

साताऱ्याहून कऱ्हाडकडे जा अथवा कोरेगावाकडे जा, थोड्याथोड्या अंतरावर वटवृक्षाचे चिन्ह मिरविणारी एखादी शाळा दृष्टीस पडतेच. आमच्या विद्यार्थ्यांस ही दृश्ये इतकी परिचयाची झाली आहेत, की ह्या शाळा कोणी उभारल्या हा प्रश्न त्यांस सहसा सुचत नाही. आम्ही तो एकदा वर्गात विचारला, तेव्हा सरकारने, असे उत्तर बहुतेकांनी दिले. वस्तुतः ह्यांतील पुष्कळ शाळा गावच्या वडीलधाऱ्या मंडळींनी दिलेली जागा व धान्य आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलांनी केलेले श्रम ह्यांच्या भागीदारीतून उभ्या राहिल्या आहेत. ही भागीदारी ज्या पुरुषाने जुळविली, त्याचे अल्पचरित्र वाचकांस सादर करीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा हे सरकारी नोकरीत होते. मुलाने शिकून मोठा हुद्दा मिळवावा अशी त्यांची साहजिक इच्छा होती, परंतु भाऊरावांचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या उंबरठ्यावरच थांबले. तालीम व कुस्ती ह्यांकडे त्यांचे चित्त अधिक असे.

कोल्हापुरास शिकत असता ते जैन वसतिगृहात राहत होते. १९०८ साली त्या शहरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. व परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्याबद्दल त्यांस वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे ह्यांच्याकडे होती. पुढे १९१४ मध्ये राणीच्या पुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात ह्याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्याविषयी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला, जीव नकोसा होण्याची पाळी आली, पण साक्ष दिली नाही. ज्याने आपणांस घराबाहेर काढले त्याच्यासाठी हे सोसणे किती कठीण असते, ह्याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा.

नंतरची काही वर्षे साताऱ्यास शिकवण्या करण्यात, ओगले ह्यांच्या काचसामानाच्या व किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीत आणि कूपर ह्यांच्या कारखान्याच्या उभारणीत गेली. ह्या उद्योगांचा तपशील येथे देत नाही. इतकेच सांगतो, की नांगर विकीत गावोगाव हिंडताना शेतकऱ्याचे घर त्यांनी आतून पाहिले, व त्या घरातील मुलगा शाळेत का जात नाही हे त्यांस कळून चुकले. गावात शाळा नसे. शहरात शाळा असली तर राहण्यास जागा व खाण्यास अन्न नसे. आणि मुलगा अस्पृश्य असला तर ह्यांतील काहीच नसे.

महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक विचारांचा भाऊरावांवर खोल संस्कार झालेला होता. कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी भरलेल्या सत्यशोधकांच्या परिषदेत, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. ह्या वसतिगृहाचा खरा गाभारा म्हणजे त्याचे स्वयंपाकघर, असे आम्हांस वाटते. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवर आळीपाळीने भाकरी भाजीत व एका पंक्तीस बसून जेवीत. पाणी भरणे, दळणकांडण करणे, भांडी घासणे ही कामे त्यांचीच. ज्या काळी सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्याची सावलीही खपत नसे, त्या काळी हे सातारा शहरात उघडपणे चालले होते. पालकांचा विरोध कमी नव्हता. परंतु आपल्या मुलास शिकवावयाचे तर ह्या पंक्तीतूनच शिकवावे लागेल, अशी भाऊरावांची अट असे. व पुष्कळ पालक ती हळूहळू मान्य करीत. म्हणजे मुलांनी चुलीपाशी जे केले, ते वडिलांस मागाहून पटले. गावची सुधारणा नेहमी वडिलांकडून मुलांकडे जाते अशी आपली समजूत असते. येथे ती पुष्कळदा उलट दिशेने गेली.

धान्य कोठून येई? काही गावांनी दिलेल्या मूठमूठ धान्यातून, काही देणग्यांतून. आणि जेव्हा दोन्ही संपे, तेव्हा भाऊरावांच्या घरातून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या कर्मठ जैन घराण्यात वाढलेल्या. त्यांनी ही सर्व मुले आपली मानली व एकामागून एक आपले दागिने मुलांच्या अन्नासाठी मोडले. एके प्रसंगी घरात काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. भाऊरावांच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांच्या तोंडी त्यांचे नाव क्वचितच येते, ह्याचा आम्हांस नेहमी विषाद वाटतो.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी ह्या वसतिगृहास राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव दिले. आपणांस साबरमतीस जे साधले नाही ते येथे साधलेले पाहून ते प्रसन्न झाले, असे सांगतात.

श्रम करून शिकणे हे ह्या संस्थेचे ब्रीद. केवळ पैशाच्या टंचाईमुळे ते स्वीकारले गेले, असे म्हणणारे लोक आहेत. आरंभी टंचाई होती हे खरे. पण भाऊरावांचा हिशेब निराळा होता. फुकट मिळालेल्या विद्येने मुलगा मिंधा होतो. ज्याने शेतात कुदळ मारून, भिंतीस दगड वाहून आपल्या जेवणाची व फीची भरपाई केली, तो कोणाचा मिंधा राहत नाही व पुढे त्या शाळेस परकीही समजत नाही, असे त्यांचे मत होते. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून शिकविले आहे. आमच्या मुलांच्या हाती झाडू देताना त्यांचे, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही, मुख कसे उतरते हे आम्ही जाणतो. म्हणून ह्या मताची किंमत आम्हांस उशिरा कळली.

१९३५ साली संस्थेने साताऱ्यास ग्रामीण शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. त्यातून बाहेर पडलेले तरुण ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे गेले. देऊळ, चावडी, जी जागा गावकरी देतील तीत वर्ग भरे. गावाने जागा द्यावयाची आणि तरुणाने आपली उमेद खर्च करावयाची, असा हा व्यवहार होता. अशा स्वेच्छेच्या शाळांची संख्या ५७८ पर्यंत गेली. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, व तेथील विद्यार्थीही कष्ट करून शिकू लागले. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारचा रोष होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. त्या कठीण काळात गाडगे महाराज भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले, आणि खेड्यांतील लोकांनी आपापल्या शाळा बंद पडू दिल्या नाहीत. भाऊराव स्वभावाने तापट होते व शब्द तोलून बोलणे त्यांस जमत नसे. रोष ओढवून घेण्यात त्यांचाही वाटा होता, हे त्यांच्या भक्तांनी मान्य करावयास हरकत नाही.

मॅट्रिक न झालेल्या ह्या पुरुषास १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली, व त्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला. ९ मे १९५९ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे व शंभरांवर हायस्कुले चालू होती.

मुले भाऊरावांस अण्णा म्हणत. त्यांच्या छत्राखाली वाढलेला एक गरीब मुलगा पुढे बॅरिस्टर होऊन परत आला, शिवाजी कॉलेजाचा प्राचार्य झाला व शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचला. ते बॅरिस्टर पी. जी. पाटील होत. अण्णांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले, व त्याच्या नावात वटवृक्ष घातला.