देवभीरू पुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

नेवासे हे आमच्या नगर जिल्ह्यातील गाव. तेथे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली व मराठी ओवीस अढळपद लाभले. पुढे तीन शतकांनी त्याच ओवीत एका इंग्रज धर्मगुरूने गोमंतकात ख्रिस्तपुराण रचिले, हे आमच्या भाविक वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ज्या देवभयाच्या पायावर तो ग्रंथ उभा आहे, त्याचा विचार क्वचितच होतो. म्हणून महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत त्या सत्पुरुषाचे अल्प चरित्र आम्ही सादर करीत आहो.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात झाला. त्या काळी तेथे राजसत्तेच्या भयाने कॅथलिक उपासना लपूनछपून चाले. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षे बंदिवास भोगिला. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा बेत केला होता; एकटे स्टीफन्स पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. वाटेत जहाज मार्ग चुकले, दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली, हे त्यांनीच वडिलांस पत्राने कळविले. राजाचे भय आणि समुद्राचे भय ही दोन्ही त्यांनी अशी जवळून पाहिली होती.

पुढील सारे आयुष्य त्यांनी बहुतांशी साष्टी प्रांतात वेचिले. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांचा वध झाला, तेव्हा त्यांचे देह मिळविण्याच्या कामी स्टीफन्स पुढे झाले. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. पोर्तुगीज सत्तेने त्या भागातील देवळे पाडली होती, आणि लोकांच्या क्षोभाचे मूळ त्यात होते. शिपायाच्या धाकाने वाकलेले मस्तक देवापुढे वाकले असे कोण म्हणेल? गुलामास चाबकाचे भय वाटते; पुत्रास पित्याचे मन दुखविण्याचे भय वाटते. पवित्र आत्म्याच्या सात दानांत जे भय गणिले आहे, ते हे दुसरे. ते हुकमाने उपजत नाही. ते अंतःकरणास, आणि तेही मातृभाषेत, शिकवावे लागते.

हे कार्य स्टीफन्स यांनी पुराणाच्या द्वारे केले. नवख्रिस्ती जनांनी जुनी पुराणे सोडिली होती. त्यांच्या जागी वाचावयास काही नव्हते. ही उणीव एका ब्राह्मणाने मांडिली, असे ग्रंथारंभीच सांगितले आहे. तेव्हा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचिल्या. ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापिला गेला. त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. बेथलेहेमच्या गोड बाळापासून आरंभ करणे सोपे होते. तसे न करिता पहिल्या पुराणात उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदामाचा अपराध, जलप्रलय, सिनाय पर्वतावरील दहा आज्ञा व तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा हे सर्व येते. ख्रिस्तचरित्र येते ते दुसऱ्या पुराणात. ज्याच्यापुढे पर्वत कापला, तोच गोठ्यात निजला आहे, हे उमगलेला श्रोता गव्हाणीजवळ आपोआप गुडघे टेकितो. मिस्साबलीत वेदीजवळ जाताना आमच्या मनाची हीच स्थिती असावयास हवी. हल्ली ती कितीदा असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास हा परदेशी पंडित कचरला नाही, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. देवाचे भय ज्याच्या ठायी वसले, त्यास शब्दांचे भय उरले नाही.

१६१९ साली गोव्यातच त्यांनी देह ठेविला. देवळांतून व घरांतून पुराणाचे वाचन चालू राहिले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापिले गेले. १६८४ साली गोव्याच्या सरकारने देशी भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढिला. तरी मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रती जपून ठेविल्या, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरात ख्रिस्तपुराण पुनश्च छापून निघाले.