शाईवाले ऑगस्ट क्रोग

ड्रॉइंगची काळी शाई म्हणजे पाण्यात तरंगणारे काजळीचे बारीक कण. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी तीच शाई जिवंत प्राण्यांच्या रक्तात टोचली. मग स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रक्त वाहत होतं तेवढ्याच केशवाहिन्या काळ्या! आराम करणाऱ्या स्नायूत थोड्याच, राबणाऱ्यात भरपूर. म्हणजे गरज पडली की बंद नळ्या उघडतात. यावर १९२० चं नोबेल मिळालं. उपकरणंही बरीचशी स्वतःच बनवायचे (वर्कशॉप बंक करणाऱ्यांनी वाचावं!). १८७४ चा जन्म. पत्नी मारी डॉक्टर, पण तिलाच मधुमेह. १९२२ मध्ये तिच्या आग्रहाने ते टोरांटोला गेले आणि इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊनच परतले. मारी १९४३ पर्यंत जगली, क्रोग १९४९ मध्ये गेले.