कागदावरचा नांगर, शेतातला नांगर

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचे, म्हणजे पूर्वी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि खोडरबर. आता संगणकावरचे कॅड आले. वस्तू पडद्यावर गरगर फिरते, चूक एका बटणासरशी पुसली जाते. सोय मोठीच, पण पडद्यावर जमले म्हणजे वस्तू तयार झाली, असे मुलांना वाटू लागते. म्हणून नव्या तुकडीला मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र सांगतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेत मन रमेना; ओढ चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांत लक्षात आले, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा घाव कोणता? पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. रेषा आणि माप लागते. लक्ष्मणरावांनी तेच धरून ठेवले. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते महिना ४५ रुपयांवर शिक्षक झाले. तिथल्या यंत्रांवर स्वतः हात चालवून त्यांनी ती आपलीशी केली. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावला परतले. भावाबरोबर सायकलींचा धंदा आधीच सुरू होता. त्याला छोट्या कारखान्याची जोड मिळाली. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर.

खरा धडा इथे आहे. नांगर तयार झाला, पण दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करी. लोखंडी मोडला तर जायचे कुणाकडे? ही अडचण कुठल्याच ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. ती शेताच्या बांधावरच कळते. लक्ष्मणरावांनी मात्र नांगराचा नाद सोडला नाही. पुढे अनुभवाने शेतकऱ्याची भीती गेली आणि हाच नांगर गावोगावी पोचला.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचे माळरान दिले. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरापाठोपाठ तिथे उसाचे चरक आणि भुईमूग फोडण्याची यंत्रे झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

एवढे सांगून झाले, की मी मुलांना पहिले काम देतो: घरातल्या विळीचे माप घ्या. मात्र संगणक उघडण्याआधी ती रोज वापरणाऱ्या आईजवळ, आजीजवळ बसा. हात कुठे अवघडतो, पाते कुठे अडते, ते विचारा. लक्ष्मणरावांना जे समजायला दोन वर्षे लागली, त्याची सुरुवात मुलांच्या स्वयंपाकघरातच होते.