पंडिता रमाबाई आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की शारदा सदन, विधवांचे शिक्षण आणि केडगावचे मुक्ती मिशन डोळ्यांपुढे येते. त्यांच्या आयुष्यातील एक प्रदीर्घ काम मात्र फारसे आठवले जात नाही. संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद त्यांनी सिद्ध केला आणि त्यासाठी प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या. या अनुवादापर्यंतची त्यांची वाटचाल ख्रिस्ती धर्माच्या अनेक परंपरांतून झाली. धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांना प्रत्येक टप्प्यावर भेटत राहिला.

या प्रश्नाची सुरुवात घरातच झाली होती. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुराणे सांगत भटकणाऱ्या या कुटुंबातील आई-वडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळात गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. मात्र शास्त्रग्रंथ जसजसे वाचत गेल्या, तसतसे त्यांत स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

पती बिपिनबिहारी यांच्या निधनानंतर त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या. नेहेम्या गोरे या ख्रिस्ती झालेल्या मराठी पंडिताच्या विवेचनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन परंपरेत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्याच्या सिद्धान्तावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चने ठरवलेला अर्थ केवळ चर्चने ठरवला म्हणून स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. भारतातील पुरोहितांचे जोखड झुगारल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

बायबलच्या जुन्या करारातील यशया, यिर्मया, योएल आदी संदेष्ट्यांच्या वचनांबाबत तर ख्रिस्ती परंपरांत मतभिन्नता मोठी आहे. चर्चप्रधान परंपरा ही वचने उपासनेच्या चौकटीत आणि येशूच्या जीवनात पूर्ण झालेली म्हणून वाचते. इव्हँजेलिकल परंपरेत त्याच वचनांतून व्यक्तीला तारणाची हाक ऐकू येते. चिकित्सक अभ्यासक संदेष्ट्यांना प्रथम त्यांच्या काळातील अन्यायाविरुद्ध बोलणारे म्हणून पाहतात. पेंटेकोस्टल परंपरा मात्र काही वचने आजही पूर्ण होत आहेत असे मानते.

रमाबाईंच्या आयुष्यात यांतील एकाहून अधिक वाचने आली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन स्थापन केले आणि पुढे ते पुण्याला हलवले. १८९१च्या सुमारास त्या इव्हँजेलिकल अनुभवाकडे वळल्या. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुलींना केडगावी आसरा मिळाला.

त्याच केडगावात १९०५ मध्ये योएलच्या ग्रंथातील एका वचनाला नवा अर्थ आला. देवाचा आत्मा पुत्रांवर आणि कन्यांवर, दासांवर आणि दासींवर ओतला जाईल, असा त्या वचनाचा आशय आहे. येशूचा शिष्य पेत्र याने पेंटेकॉस्टच्या दिवशी याच वचनाचा आधार घेतला होता. जानेवारीत सुरू झालेल्या प्रार्थनासभांतून जूनअखेरीस मोठी धार्मिक जागृती उसळली. मुली स्वतः प्रार्थना करू लागल्या, गावोगाव प्रचाराला निघाल्या. ज्यांना बहुतेक ठिकाणी धर्मग्रंथाच्या जवळ फिरकू दिले नसते, त्या निराधार मुलींना योएलच्या शब्दांत आपला उल्लेख सापडला. मिनी अब्राम्स या रमाबाईंच्या सहकारी महिलेने १९०६ मध्ये त्याविषयी पुस्तिका लिहिली. तिचा प्रभाव पुढे दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील लॉस एंजेलिसची प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट सभा एप्रिल १९०६ मधील, म्हणजे केडगावच्या जागृतीनंतरची आहे.

याच काळात अनुवादाचे काम सुरू झाले. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील बाईला कळत नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. हिंदू धर्मकल्पना सूचित करणारे संस्कृत शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. संस्कृतची अधिकारी विदुषी सोप्या मराठीसाठी संस्कृतला दूर ठेवू पाहत होती. या निवडीवर पुढे अभ्यासकांनी टीकाही केली, कारण मराठी माणसाच्या धार्मिक भाषेपासून हा अनुवाद तुटतो. रमाबाईंचा हेतू मात्र निराळा होता. अर्थ सांगायला मध्यस्थ लागू नये, एवढेच त्यांना साधायचे होते.

जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच छापलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये वाचकांच्या हाती आले. त्यातील यशया आणि योएल कोणत्या परंपरेने वाचायचे, हे रमाबाईंनी वाचणारीवर सोपवले होते.