न दिसलेल्या ग्रहाचा वेध

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अभियंते कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब (१८१३-१८६२) यांनी १८४२ च्या सुमारास पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली व जोडताऱ्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. '७० ऑफियुची' या खुज्या ताऱ्यांच्या जोडीच्या भ्रमणातील विसंगतीमागे अदृश्य ग्रह असावा, असे त्यांनी १८५५ मध्ये मांडले. हा दावा पुढे टिकला नाही. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याच्या ध्यासाने ते इंग्लंडहून ऑगस्ट १८६२ मध्ये परतले. पण अवघ्या आठवडाभरात पुण्यातच निवर्तले. ताऱ्याच्या चालीवरून ग्रह ओळखण्याची त्यांची दिशा मात्र योग्य होती. १९९५ मध्ये '५१ पेगासी' या सूर्यसदृश ताऱ्याचा महाकाय ग्रह त्याच मार्गाने सापडला.